चाकावरची मूठभर जागा

ही गोष्ट मी आधी एकदा सांगितली आहे, तेव्हा अर्धी सांगितली होती. माझ्या वडिलांनी ती छापली आणि गावात वाटली. आता पूर्ण सांगते.

मी ओमानमध्ये, मस्कतजवळच्या रुसैलला एका वाहतूक कंपनीच्या यार्डात कागदांचं काम करते. कोणतं सामान, वजन किती, कुठे जाणार, कोणती गाडी, याची चिठ्ठी मी बनवते आणि खाली सही करते. सही झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नाही. आमच्याकडे मोठे ट्रक नाहीत. दणकट पिकअप आहेत आणि त्यांच्यामागे लांब ट्रेलर. जनरेटर, पंप, लोखंडी पाइप, दगडाच्या लाद्या, जे मोठ्या ट्रकला थोडं आणि साध्या गाडीला फार, ते आम्ही नेतो.

हे ट्रेलर वेगळे असतात. साध्या ट्रेलरची दांडी गाडीच्या मागे अडकवतात. यांची मान वर उचलून, बाक घेऊन पिकअपच्या हौद्यात उतरते आणि तिथल्या लोखंडी गोळ्यावर बसते. यार्डात सगळे त्याला गुजनेक म्हणतात. मान हौद्यात बसत असल्यामुळे ओझ्याचा एक हिस्सा थेट पिकअपच्या मागच्या चाकांवर येतो. तो जास्त झाला तर गाडीचं नाक उचलतं, स्टेअरिंग हातात हलकं लागतं आणि उतारावर ब्रेक साथ देत नाहीत. कमी झाला तर ट्रेलर मागे शेपूट हलवत सुटतो.

हे सगळं मला चाचांनी शिकवलं. चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. चौदा वर्षं एकच पिकअप चालवत होते. मी पहिल्या दिवशी यार्डात आले तेव्हा त्यांनी माझं बोलणं दुरून ऐकलं आणि विचारलं, "कुठची गो तू?"

"चिपळूणजवळची."

"मंग अशी हिंदी कशाला फाडतस? बाय, आपल्या भाषेत बोल की."

तेव्हापासून मी त्यांची बाय झाले.

चाचांकडे वजनाचा स्वतःचा काटा होता. ट्रेलरवर सामान चढलं की ते पिकअपच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसायचे आणि टायर आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत मूठ घालायचे. मूठ घासून आत गेली तर ओझं बरोबर. दोन मुठी गेल्या तर मान हलकी, सामान वीतभर पुढे घ्यायचं. मूठ गेली नाही तर मागे सरकवायचं. मागे सरकवूनही मूठ जात नसेल तर कागदावर काहीही असो, वजन जास्त आहे.

मी हसायचे. मी चिठ्ठीवाली. मला आकडे हवे असायचे.

"तुजा आकडा कोन सांगतो?" चाचा विचारायचे.

"सामान पाठवणारा."

"आनि त्याला कोन सांगतो?"

मी कशा घरातून आले ते इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे वडील नगरपालिकेच्या सफाई कामगारांची संघटना चालवतात. आमच्या घरात फडताळात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरून. 'कामगार बंधू-भगिनींनो' हा मला ओळखता आलेला पहिला लांब शब्दसमूह. शाळेत निबंध लिहिला तरी शेवटी तीन उद्गारचिन्हं यायची. आई पत्रकांच्या घड्या घालायची, मी मोजून गठ्ठे बांधायचे. बायकांनी झाडू खाली ठेवले आणि पालिकेच्या दारात बसल्या तेव्हा मी आठ वर्षांची होते. त्या बायकांच्या मांडीवर बसून मी घोषणा दिल्या आहेत. अन्याय दिसला की तोंड उघडायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. तेच जेवून मी वाढले.

लग्न करून ओमानला आले. नवरा इथे एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो. आम्ही वादी अदाईत राहतो. ही नोकरी मिळाली तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात यार्डातल्या ड्रायव्हरांच्या खोलीत एक कागद चिकटवला. हिंदी, मराठी आणि इंग्रजीत: 'ओझं जास्त वाटलं तर नकार द्या. तो तुमचा हक्क आहे!' दुसऱ्या दिवशी त्या कागदाच्या वरच्या खिळ्यावर कुणाचा तरी टॉवेल होता. चाचांनी टॉवेल बाजूला करून वाचलं आणि म्हणाले, "अक्षर बाकी झकास हाय."

चाचा स्वतः कधी नकार द्यायचे नाहीत. मॅनेजरांनी "ने" म्हटलं की म्हणायचे, "इन्शाल्ला." मग फाटकापर्यंत जाऊन थांबायचे. टायर गरम लागतोय. हवा बघतो. नमाज पढून येतो. तेवढ्या वेळात फोर्कलिफ्टवाल्याला खूण करून सामान सरकवून घ्यायचे, कधी दोन पेट्या उतरवून ठेवायचे, त्या दुसऱ्या फेरीत न्यायचे. कुणाला काही कळायचं नाही, कुणाशी भांडण नाही. मॅनेजर सांगलीकडचे. त्यांनाही बहुधा कळायचं आणि ते बघितलं न बघितलं करायचे.

मला हे सहन व्हायचं नाही. "चाचा, निमित्तं कशाला? सरळ सांगा ना, वजन जास्त आहे."

"सांगून काय होईल?"

"तुमचं म्हणणं खरं आहे हे सगळ्यांना कळेल."

"मला कललंय, गाडीला कललंय. आनि कोनाला कलायला होवा?"

त्यांची एकच इच्छा होती, ती ते वरचेवर बोलून दाखवायचे. आणखी दोन वर्षं गाडी चालवायची आणि मग ज्या अर्बाबने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, चौदा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने त्यांना ही चावी दिली, त्याच्याच हातात ती परत ठेवून घरी जायचं. "माजी चावी मी सोताच्या हातान देनार," म्हणायचे. "कोनी मागून घेतली आसा नाय होयाचा."

मी हे अनेकदा ऐकलं होतं. नंतर मला असं म्हणता येणार नाही की मला ठाऊक नव्हतं.

तो गुरुवार होता. गुरुवारी अर्बाब यार्डात फेरी मारतात. म्हातारे, शांत, काठी घेऊन फिरणारे. त्या दिवशी कुरियातला एक जनरेटर जायचा होता. कुरियातचा रस्ता अमिरात नावाच्या गावावरून डोंगरात चढतो आणि मग खाली समुद्राकडे असा उतरतो की रिकामी गाडीसुद्धा खालच्या गिअरमध्ये न्यावी लागते. कागदावर वजन सहा टन. मी चिठ्ठी बनवली, सही केली.

चाचा चाकाशी बसले. मूठ गेली नाही. जनरेटर मागे सरकवला. पुन्हा बसले. मूठ सोडाच, बोटसुद्धा आत गेलं नाही. मग ते ट्रेलरवर चढले आणि जनरेटरच्या तळाशी, जिथे डिझेलची टाकी असते, तिथे पाना आपटला. रिकामी टाकी डब्यासारखी वाजते. ही वाजली नाही.

"भरलेली हाय," चाचा म्हणाले. "तुजा सहा टन रिकाम्या टाकीचा."

मी जनरेटरवरची पाटी वाचली. वजनाखाली बारीक अक्षरांत तेच लिहिलं होतं. टनभर तरी डिझेल आत असणार. माझी सही चुकीच्या आकड्याखाली होती, पण त्या क्षणी मला सही आठवलीच नाही. मला फक्त हे दिसलं की अन्याय समोर उभा आहे आणि आज अर्बाब यार्डात आहेत.

"आज सांगा," मी म्हटलं.

"डिझेल काडून घेतो मी अमिरातला. माज्या वलखीचा गॅरेज हाय. दोन पिंपं काडली की झाला."

"परत लपूनछपून? चाचा, आमच्याकडे झाडूवाल्या बायका पालिकेच्या दारात बसल्या. अंगठा उठवणाऱ्या बायका. आणि तुम्ही चौदा वर्षं टायर गरम झाल्याचं सांगताय?"

हे मी लिहिते आहे आणि माझे कान तापले आहेत. मी सव्वीस वर्षांची, सहा महिन्यांपूर्वी विमानातून उतरलेली, आणि मी त्या माणसाला घाबरट म्हटलं होतं. शब्द वापरला नव्हता इतकंच.

"तू हायस ना मंग?" त्यांनी विचारलं.

"मी आहे ना."

अर्बाब आणि मॅनेजर बोलत बोलत आले. जनरेटर घ्यायला कुरियातहून आलेला माणूसही सोबत होता. मॅनेजर म्हणाले, "चला चाचा, यल्ला, उशीर झालाय."

चाचा गाडीला पाठ लावून उभे राहिले. "नाय नेत."

"म्हणजे?"

"वजन जास्त हाय. कुरियातच्या उतारावर ही गाडी थांबायची नाय."

फोर्कलिफ्टवाल्याने इंजिन बंद केलं. अर्बाब हळूच म्हणाले, "मुश्किला?"

मॅनेजरांनी खिशातून चिठ्ठी काढली. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर कदाचित मी पेटले असते. त्यांनी चिठ्ठी उलगडली, वाचली आणि अगदी साध्या आवाजात मला विचारलं, "मॅडम, ही सही तुमची ना? वजन किती आहे?"

तेव्हा मला सही आठवली.

इतकंच म्हणायचं होतं, 'सर, माझं चुकलं, टाकी भरलेली आहे.' नाहीतर इतकंच, 'काट्यावर नेऊ या.' वजनकाटा यार्डापासून दहा मिनिटांवर आहे. नोकरी जाण्याची भीती मला नव्हती. माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर, घर त्याच्या पगारावर. मॅनेजर फार तर रागावले असते. मला भीती होती ती पाच माणसांसमोर चूक ठरण्याची. मीच भिंतीवर कागद चिकटवला होता आणि मीच पाटी न वाचता सही केली होती.

चाचा माझ्याकडे बघत होते. अर्बाबही.

मी म्हटलं, "कागदावर सहा टनच आहे, सर."

वाक्य खरं होतं. म्हणूनच मी ते निवडलं.

चाचांनी माझं नाव घेतलं नाही, टाकीचा विषय काढला नाही, पाना उचलून दाखवला नाही. मॅनेजर म्हणाले, "खलास," आणि हात पुढे केला. चाचांनी चावी त्या हातावर ठेवली. अर्बाबांनी काठी उचलली आणि ते ऑफिसकडे वळले.

जनरेटर केरळच्या दुसऱ्या ड्रायव्हरने नेला. दुपारी कुरियातहून फोन आला, पोहोचला, सगळं ठीक. म्हणजे चाचा खोटे ठरले. सहा टन सहा टनच होते.

शनिवारी मॅनेजर माझ्या टेबलाशी आले, अनोळखी माणसाकडे बघावं तसे बघत... नाही, हे मी सजवते आहे. ते नेहमीसारखेच आले. म्हणाले, "मॅडम, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. चाचांना एक ताकीदपत्र द्यायचंय. कारण नसताना काम नाकारलं, एवढंच लिहा." मी लिहिलं. स्वल्पविराम तपासले. चाचा सही करायला आले. त्यांना उर्दू आणि मराठी वाचता येतं, इंग्रजी अडखळत. म्हणाले, "वाचून दाखव." मॅनेजरांसमोर मी ते पत्र मराठीत सांगितलं. चाचांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि सही करत म्हणाले, "बरा लिवलायस, मॅडम."

त्या दिवसापासून मी मॅडम. त्यांना टायर शेडमध्ये टाकलं.

आता वडिलांचं. त्या गुरुवारीच संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. मी सांगितलं की आमच्या यार्डात एका ड्रायव्हरने जास्त वजन न्यायला नकार दिला. मीच त्या ड्रायव्हरला हक्काबद्दल सांगितलं होतं, असंही म्हटलं.

"शाब्बास! आणि तू?" त्यांनी विचारलं.

"मी तिथेच होते," मी म्हटलं.

हेही वाक्य खरं.

दहा दिवसांनी त्यांनी पत्रकाचा फोटो पाठवला. वर मोठ्या टायपात मथळा, त्याखाली ओमानमधला एक कष्टकरी, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली आपल्या तालुक्याची लेक. तीन उद्गारचिन्हं. आईने घड्या घातल्या असणार. ज्या बायकांच्या मांडीवर मी बसले होते त्यांच्या हातात ते पत्रक गेलं असणार. मी फोन उलटा ठेवला आणि भात लावला.

त्याच आठवड्यात केरळचा ड्रायव्हर चिठ्ठी न्यायला आला. मी सहज विचारलं, कुरियातच्या उतारावर त्या दिवशी त्रास झाला का.

"त्रास कैसा, मॅडम? चाचा का फोन आया था ना. बोला, अमिरात में मेरे दोस्त के गॅरेज में रुक, दो ड्रम डिझेल निकाल, फिर जा. निकाला, गया."

"हे तू मॅनेजरांना सांगितलंस?"

"चाचा ने मना किया. बोला, तेरा क्या जाता है, तू गाडी देख."

तो चिठ्ठी घेऊन गेला. चावी गेल्यानंतर तासाभरात चाचांनी तो फोन केला होता. गाडी उतारावर अडली असती, निदान तापून थांबली असती, तर ते खरे ठरले असते. त्यांनी स्वतःच ते होऊ दिलं नाही. आणि मी, जिने त्यांना शिकवलं होतं की खरं सगळ्यांसमोर सांगायचं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कागदावर लिहिलं: टाकी भरलेली होती, पाटीवरचं वजन रिकाम्या टाकीचं, चूक माझ्या सहीची, ड्रायव्हरचं म्हणणं बरोबर होतं. मॅनेजरांना दिलं. त्यांनी वाचलं. चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा होता.

"हे त्या दिवशी का नाही बोललात?"

मी टेबलावरच्या चिठ्ठ्या सारख्या केल्या.

"मॅडम, मला तरी माहीत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? चाचा नेतातच काहीतरी करून. तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर नाही म्हणायला लावलंत. अर्बाबसमोर मी काय करणार? मी तुम्हाला विचारलं ते उगाच नाही विचारलं. तुम्ही बोलला असता तर काट्यावर पाठवलं असतं."

कागद त्यांनी फाइलला लावला. चाचांचा करार यंदा संपत होता. ताकीदपत्र आधीच वर गेलं होतं आणि करार पुढे वाढवायचा नाही असं ठरलं होतं. मी अर्बाबांनाही भेटले. त्यांनी कागद माझ्याकडून हिंदीत वाचून घेतला, काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकला. म्हणाले, पिकअप आता दुसऱ्याला दिली आहे, दिलेली कशी काढून घेऊ? मग विचारलं, "तू उस दिन उधर थी ना?"

मी घरी आले आणि वडिलांना फोन लावला. सगळं सांगितलं, दोन्ही खरी वाक्यंसुद्धा. मग ते म्हणाले, "लिहून पाठव. जसं घडलं तसं. मी छापतो, त्याच गावात, त्याच घरांत. पण आधी त्यांना वाचून दाखव. ज्याच्याबद्दल आहे त्याने ऐकल्याशिवाय आपण छापत नाही." थांबून म्हणाले, "गेल्या वेळी मी विचारलं नाही. तू सांगत होतीस म्हणून."

म्हणून हे लिहिलं. चाचा पुढच्या आठवड्यात जाणार आहेत. जाताना अर्बाबांच्या हातात द्यायला त्यांच्याकडे टायर शेडची चावी आहे.

काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये गेले. ते टायरवर साबणाचं पाणी फिरवून बुडबुडे शोधत होते. मी म्हटलं, "चाचा, एक वाचून दाखवायचंय."

"परत पत्र? आनि कसली ताकीद?"

"माझीच."

"मंग वाच. माजा हात चालू राहील."

मी वाचलं, ताकीदपत्रापर्यंत आणि पुढे वजनकाट्यापर्यंत आणि वडिलांच्या फोनपर्यंत. ते टायर फिरवत राहिले. मध्ये एकदा बुडबुडा सापडला, तिथे त्यांनी खडूने गोल केला. मी संपवलं आणि वाट बघितली.

"एक चुकलाय," ते म्हणाले.

"काय?"

"'बोटसुद्धा आत गेलं नाही' लिवलंस. तीन बोटां गेली हुती."

मी म्हटलं, "मला तसंच आठवतंय."

"तुला तसा आठवतंय, कारन तसा लिवला की बरा दिसतो." ते टायर सोडून सरळ बसले. "एक बोट जात नसता तर मी तुज्या सांगन्याची वाट बघली असती काय? तवाच चावी काडून खिशात घातली असती, अर्बाब येवो नायतर सुलतान येवो. तीन बोटां म्हंजे दोन पिंपं काडून जाता येनारा वजन. मला जाता येत हुता, समजलंस?"

"बाकीचं?"

"बाकीचा तुजा तू बघ."

त्यांनी टायर पुन्हा पाण्यात घातला. मी टेबलाशी आले आणि कागद काढला. वडिलांकडे पाठवायच्या प्रतीत बोटाचं ते वाक्य मी खोडलेलं नाही, मी काय केलं होतं ते वाचणाऱ्यांना दिसावं म्हणून.

तीन बोटं गेली होती.